बाटलीतले बुडबुडे आणि बाळाचा श्वास : ‘सीपॅप’ची पार्श्वभूमी

‘बाळाला काचेत ठेवलंय’ एवढंच नातेवाइकांना कळतं. त्या पेटीत अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या नाकाला दोन छोट्या नळ्या लावलेल्या असतात आणि शेजारच्या पाण्याच्या बाटलीत सतत बुडबुडे येत असतात. हा ‘बबल सीपॅप’. घशात नळी न घालता, श्वास सोडल्यावरही फुप्फुसात थोडा दाब कायम ठेवायचा, एवढंच त्याचं काम. पण इतक्या साध्या उपायापर्यंत पोचायला वैद्यकाने बराच लांबचा वळसा घेतला.

सुरुवात झाली ती ऑक्सिजनपासून. १९४०च्या दशकात अशा बाळांना पेटीत सढळ हाताने ऑक्सिजन दिला जाई. त्यातून हजारो मुलं आंधळी झाली. कारण लक्षात आल्यावर १९५०च्या दशकात हात इतका आखडला, की श्वासाच्या त्रासाने दगावणाऱ्या बाळांना हवा तेवढा ऑक्सिजनही मिळेना.

मुळात अशा बाळांची फुप्फुसं का मिटतात, हे कोडं १९५९ साली सुटलं. बोस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं, की या बाळांच्या फुप्फुसात पृष्ठताण कमी करणारा पदार्थ, म्हणजे सर्फॅक्टंट, पुरेसा नसतो. त्यामुळे श्वास सोडला की वायुकोश ओल्या प्लास्टिक पिशवीच्या बाजूंसारखे एकमेकांना चिकटतात आणि पुढचा प्रत्येक श्वास नव्याने जोर लावून घ्यावा लागतो. कारण कळलं, तरी उपाय हाताशी नव्हता. ऑगस्ट १९६३मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंच्या वर, म्हणजे आजच्या हिशेबाने बरंच चांगलं. त्याला बोस्टनला हलवून उच्च दाबाच्या ऑक्सिजन कक्षातही ठेवलं, पण ३९ तासांत तो गेला. आज जिल्हा रुग्णालयातही असं बाळ वाचावं अशी अपेक्षा असते.

त्या दशकात व्हेंटिलेटर आले. काही बाळं वाचली, पण १९६७ साली विल्यम नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं, की वाचलेल्यांपैकी काहींची फुप्फुसं जास्त ऑक्सिजन आणि यंत्राच्या माऱ्याने कायमची खराब होताहेत.

मला या इतिहासातला सगळ्यात मोलाचा प्रयोग वाटतो तो १९६८चा, केपटाउनचा. त्रास असलेलं बाळ श्वास सोडताना कण्हतं. हे लक्षण सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचा उपयोग काय हे कुणी विचारलं नव्हतं. हॅरिसन, हीस आणि क्लाइन यांनी पाहिलं, की घशात नळी घातली की कण्हणं थांबतं आणि रक्तातला ऑक्सिजन खाली येतो. म्हणजे बाळ स्वरयंत्र अर्धवट मिटून स्वतःच फुप्फुसातली हवा अडवत होतं, आणि आपण नळी घालून त्याचा तोच उपाय काढून घेत होतो!

सॅन फ्रान्सिस्कोचे भूलतज्ज्ञ जॉर्ज ग्रेगरी यांनी तोच दाब बाहेरून दिला. १९७१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या २० बाळांपैकी १६ वाचली. बहुतेकांना हा दाब घशातल्या नळीतूनच दिला होता. नाकातून देण्याची साधनं १९७३च्या सुमारास आली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जेन-टिएन वुंग यांनी नाकातल्या नळ्या आणि पाण्याची बाटली हीच पद्धत चिवटपणे चालवली. बाकीच्या ठिकाणी मात्र व्हेंटिलेटरचीच चलती होती. १९८७मध्ये एव्हरी यांनी आठ केंद्रांची तुलना केली, तेव्हा फुप्फुसाचा जुनाट आजार सर्वांत कमी निघाला तो कोलंबियात. तरीही मोठ्या चाचण्या व्हायला दोन दशकं गेली. २००८च्या ‘कॉइन’ चाचणीत ६१० बाळं होती आणि २०१०च्या ‘सपोर्ट’मध्ये १३१६. जन्मताच सीपॅप देणं हे नळी घालण्याइतकंच चालतं, असं दोन्हींतून दिसलं. फुकट मात्र काहीच नाही: ‘कॉइन’मध्ये सीपॅपच्या गटात फुप्फुसाबाहेर हवा साठण्याचं प्रमाण ९ टक्के होतं, दुसऱ्या गटात ३.

बाटलीचं तंत्र सोपं आहे. नळीचं टोक पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवलं, की दाब साधारण तेवढाच, म्हणजे ५ सेंटिमीटर पाण्याइतका. बुडबुडे थांबले, की सिस्टर आधी नाकाकडे बघते: नळी निसटली का, बाळाने तोंड उघडलंय का, कुठला जोड सैल झालाय का. नळी नाकाच्या पडद्यावर घासून जखम होत नाही ना, हेही तिलाच बघावं लागतं. मलावीत ‘पुमानी’ या स्वस्त यंत्राच्या अभ्यासात ७१ टक्के बाळं वाचली, नुसत्या ऑक्सिजनवर ४४ टक्के. या तुलनेत बाळांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी सीपॅपची शिफारस केली. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयांच्या नवजात अतिदक्षता कक्षांतून तो आता पोचतो आहे.

पण जुनं दुखणं तिथेच आहे. हवा आणि ऑक्सिजन हव्या त्या प्रमाणात मिसळणारा ब्लेंडर नसेल, तर सीपॅपमधूनही बाळाला निव्वळ ऑक्सिजनच मिळतो आणि डोळ्यांचा धोका परत येतो. म्हणून पल्स ऑक्सिमीटरवरचा आकडा ९० ते ९५च्या दरम्यान राखायचा असतो. वजन २ किलोंपेक्षा कमी असेल किंवा जन्म ३४ आठवड्यांच्या आत झाला असेल, तर बाळाच्या डोळ्यातल्या पडद्याची पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत करायची असते, मग ते तोवर घरी गेलेलं असलं तरी.