‘संदर्भ हवा’ : वाई ते विकिपीडिया

गावच्या देवळाबद्दल मराठी विकिपीडियावर मी एक वाक्य टाकलं होतं : ‘हे हेमाडपंती मंदिर सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचे आहे.’ यात्रेत लाउडस्पीकरवरून लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. दोन दिवसांनी बघतो तर त्याच्या शेपटाला चौकटी कंसात दोन शब्द चिकटलेले : ‘संदर्भ हवा’. डोकं फिरलं. देऊळ आमचं, गाव आमचं, हा विचारणारा कोण?

राग उतरल्यावर हिशेब केला. हेमाडपंत म्हणजे देवगिरीच्या यादवांकडचा हेमाद्री, तेराव्या शतकातला. देऊळ त्याच्या काळचं धरलं तरी साडेसातशे वर्षांच्या आसपास जातं. शिवाय चुना न लावता दगडावर दगड बसवलेलं कुठलंही जुनं देऊळ दिसलं, की आपण त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. म्हणजे माझ्या एका वाक्यात दोन दावे होते, दोन्ही ऐकीव, आणि एकमेकांशी न पटणारे.

‘कशावरून?’ हा प्रश्न विकिपीडियाने आणला असं नवशिक्या संपादकांना वाटतं. सातारा जिल्ह्यात तो दोनशे वर्षं विचारला जातो आहे.

जेम्स ग्रँट डफ १८१८ साली साताऱ्यात आला. पेशवाई बुडाली होती, प्रतापसिंह महाराज गादीवर बसले होते आणि कंपनीच्या वतीने कारभारावर नजर ठेवायला हा तरुण कॅप्टन नेमलेला होता. साताऱ्यातल्या चार-पाच वर्षांत त्याने दप्तरं, बखरी, वतनदारांकडचे कागद जमवले, नकला करून घेतल्या, आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. त्याने पानोपानी तळटीपा दिल्या आहेत. पुष्कळ ठिकाणी नुसतं ‘मराठी हस्तलिखित’ एवढंच आहे, पण ही माहिती मला कुठून मिळाली हे सांगायची सवय त्याला होती. जमवलेल्या हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचंही त्याने नोंदवलं.

चाळीसेक वर्षांनी, कॉलेजच्या वयातल्या नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी या ग्रंथावर जाहीर टीका केली. डफसाहेबाचा ग्रंथ म्हणजे शेवटचा शब्द असं मानायच्या काळात एका विद्यार्थ्याने त्याची साधनं तपासायला काढली. पुढे अभ्यासक डफच्या त्या नकला शोधू लागले, तर त्या सापडल्याच नाहीत. तळटीप आहे, तळटीपेतला कागद नाही. विकिपीडियावर याला ‘मृत दुवा’ म्हणतात. वर्तमानपत्राची लिंक उघडावी आणि ‘पान सापडले नाही’ असं यावं, तसंच हे. सर्व्हर नव्हता, कपाट होतं, इतकाच फरक.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी यावर उपाय केला तो सरळसोट : कागदच छापून टाकायचा. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ सालचा. त्यातली १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपताकडे नेणारी पत्रं त्यांना वाईत मिळाली. बखरकार नंतर, आठवणीवर किंवा ऐकून लिहितो. पत्र लिहिणारा त्या दिवशी, त्या जागी असतो. दोघांना एका मापाने मोजू नका, हा त्यांचा आग्रह. आज संपादकांना प्राथमिक स्रोत, दुय्यम स्रोत असं शिकवतात तेव्हा मला हाच भेद आठवतो. अर्थात विकिपीडियाचा कल नेमका उलटा आहे. तिथे अस्सल पत्रावरून स्वतः निष्कर्ष काढायला बंदी, कारण ते ‘स्वतःचे संशोधन’ ठरतं. त्या पत्राचा अभ्यास करून कुणी छापलेला ग्रंथ चालतो. राजवाडे आज विकिपीडियावर आले असते, तर पहिल्या आठवड्यात त्यांची चार संपादनं उलटवली गेली असती आणि चावडीवर, म्हणजे संपादकांच्या चर्चेच्या पानावर, त्यांनी काय गहजब केला असता, याची कल्पना केलेली बरी.

त्याच सुमारास मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापत होते, प्रत्येक पत्राला लेखांक देऊन. लेखांक असला की कुणीही बोट ठेवून नेमक्या पत्रापाशी जाऊ शकतो. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी मोठा संग्रह उभा केला. तो १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. जुन्या पुस्तकात ‘पारसनीस संग्रह, सातारा’ असं वाचून कुणी साताऱ्यात शोधत फिरला, तर रिकाम्या हाताने परतेल. संदर्भात कागद कुठे पाहिला आणि कधी पाहिला, दोन्ही का लिहायचं ते इथे कळतं.

वाईला परत येऊ. केवलानंद सरस्वतींच्या प्राज्ञपाठशाळेतून धर्मकोशाचं, म्हणजे धर्मशास्त्रातल्या वचनांच्या कोशाचं, काम निघालं. कोणतं वचन कोणत्या ग्रंथातलं, कुठला पाठभेद कुठे, याची बारीक नोंद हा त्या कामाचा प्राण. त्याच पाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९६० साली राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाचे अध्यक्ष झाले आणि मराठी विश्वकोशाचं कार्यालय मुंबई-पुणे सोडून वाईत आलं. पहिला खंड १९७६ चा. त्याआधी केतकरांनी तेवीस खंडांचा ज्ञानकोश जवळजवळ एकहाती पेलला होता, पण त्याची गोष्ट वेगळी आणि मोठी आहे.

विश्वकोशातली कुठलीही मोठी नोंद उघडा. तळाला ‘संदर्भ’ म्हणून पाच-सात पुस्तकं दिसतील आणि त्याखाली लेखकाचं नाव. मजकुरात मात्र वाक्यागणिक आकडा नाही. कुठलं वाक्य कुठल्या पुस्तकातलं ते वाचकाला कळत नाही, आणि कळायची गरजही कुणाला वाटली नाही. नोंद त्या विषयाच्या जाणकाराने लिहिली आहे, संपादकांनी तपासली आहे, हे गृहीत. विश्वास सहीवर होता.

विकिपीडियाने ती सहीच काढून टाकली, आणि तीही जवळजवळ अपघाताने. २००० साली जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्यूपीडिया नावाचा कोश सुरू केला होता. तज्ज्ञांनी लिहायचं, सात पायऱ्यांची तपासणी, मग प्रसिद्धी. वर्षभरात जेमतेम वीस-बावीस लेख झाले. त्याला कच्चा माल मिळावा म्हणून १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया उघडला, आणि बघता बघता मूळ दुकान बंद पडून टपरीच मोठी झाली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा, महाराष्ट्रदिनी सुरू झालेला.

सुरुवातीच्या लेखांत संदर्भ फारसे नसायचे. लेखक निनावी, म्हणजे नावाकडे बघून विश्वास ठेवायची सोय नाही. मग विश्वास ठेवायचा कशावर? उत्तर हळूहळू पक्कं झालं : लिहिणारा कोण हे विचारू नका, लिहिलेलं पडताळता येतं का ते विचारा. इंग्रजीत पडताळणीचं धोरण २००३ पासून आकार घेत होतं, पण त्याला धार आली २००५ मध्ये. त्या मे महिन्यात अमेरिकन पत्रकार जॉन सीगेन्थालर यांच्यावरच्या लेखात कुणीतरी गंमत म्हणून लिहिलं, की केनेडी बंधूंच्या हत्यांशी यांचा संबंध असल्याचा संशय होता. ते वाक्य सुमारे चार महिने तसंच राहिलं. नोव्हेंबरअखेर सीगेन्थालर यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून वाभाडे काढले. डिसेंबरमध्ये इंग्रजी विकिपीडियावर खातं न उघडता नवा लेख सुरू करायची मुभा गेली, आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळे कडक नियम आले.

त्याच डिसेंबरात एक लहानशी तांत्रिक सोय आली, आणि माझ्या मते नियमांपेक्षा तिनेच जास्त काम केलं. वाक्याच्या शेवटी कोनी कंसातली ‘रेफ’ची खूण टाकायची, तिच्या पोटात पुस्तकाचं नाव लिहायचं; आकडा आपोआप पडतो आणि तळाच्या यादीत नोंद आपोआप जाते. त्याआधी आकडे हाताने सांभाळावे लागत. मध्ये एक तळटीप घुसवली की खालचे सगळे चुकायचे. जे काम करायला कटकट, ते लोक करत नाहीत; कटकट गेली आणि संदर्भ वाढले.

मराठीत ही सोय वापरायला शिकवताना अडचण यंत्राची नसते. साताऱ्यातल्या एका कॉलेजात मुलांना गावांवरचे लेख लिहायला बसवलं होतं. खूण कशी टाकायची ते दहा मिनिटांत सगळ्यांना आलं. खुणेच्या पोटात काय घालायचं, इथे गाडी अडली. एकीने लिहिलं ‘आजोबा’. एकाने लिहिलं ‘गूगल’. एकाने विश्वकोशातले दोन परिच्छेद जसेच्या तसे उचलले आणि खाली प्रामाणिकपणे ‘मराठी विश्वकोश’ लिहिलं. उचलेगिरी केली पण पत्ता दिला, मग चालेल ना सर? नाही चालत. संदर्भ दिल्याने नक्कल करायचा परवाना मिळत नाही. वाक्य आपलं हवं आणि माहितीचा पत्ता दुसऱ्याचा.

वाळव्यावर लिहिणारा मुलगा वेगळ्याच पेचात. पत्री सरकारवरच्या, म्हणजे नाना पाटलांच्या प्रतिसरकारवरच्या, जुन्या मजकुरात वाळवे सातारा जिल्ह्यात, नकाशावर सांगलीत. त्याला वाटलं पुस्तक चुकलं. पुस्तक बरोबर होतं. १९४९ साली सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये, म्हणजे सरकारने छापलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथात, तासगाव, वाळवे, खानापूर हे तालुके आहेत ते त्यामुळेच. संदर्भात वर्ष नसेल, तर खरी माहितीसुद्धा खोटी वाटते.

आजोबांचं काय, हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पत्री सरकारच्या काळात घरात कोण लपलं होतं, भाकरी कुणी पोचवल्या, हे सांगणाऱ्या बायका या पट्ट्यात गावोगाव होत्या. छापील मजकुरात त्यातल्या किती आल्या? २०११ साली अचल प्रभला यांनी मल्याळम, हिंदी आणि आफ्रिकेतल्या सेपेडी भाषेच्या लोकांना घेऊन मौखिक संदर्भांचा प्रयोग केला : मुलाखत ध्वनिमुद्रित करायची आणि ते ध्वनिमुद्रणच संदर्भ म्हणून द्यायचं. त्यावर बरेच वाद झाले, आणि नियम बदलले नाहीत. मला दोन्ही बाजू पटतात, ही माझी अडचण आहे. आजीचं सांगणं वगळलं तर इतिहास अर्धा राहतो. घेतलं, तर यात्रेतल्या लाउडस्पीकरला कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं?

तर, ते देवळाचं वाक्य. ‘संदर्भ हवा’ची पाटी तशीच ठेवून मी पुरावा शोधत होतो. वर्षभराने एका वर्तमानपत्राच्या यात्रा विशेष पानावर सापडला : ‘हे हेमाडपंती मंदिर सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचे आहे.’ आनंदाने संदर्भ टाकायला बसलो आणि हात थांबला. शब्द न शब्द माझा होता. मी ‘सुमारे’ वापरलं होतं, त्यांनीही सुमारे. पाटी तेवढी गाळली होती. बातमीदाराने विकिपीडियावरून घेतलं, आणि मी ते त्याच्या नावावर विकिपीडियाला परत विकणार होतो. एवढ्याने पाटी निघाली असती, कुणाला पत्ताही लागला नसता.

वाक्य काढून टाकलं. आता तिथे ‘गावात दगडी बांधणीचे जुने मंदिर आहे’ इतकंच आहे. पारावर चुलते विचारतात, हजार वर्षं कुठं गेली रं? गॅझेटियरची पानं चाळतोय, एवढंच सांगतो.