ईव्ह म्युअरहेड आणि वळणारा दगड

स्टीलची वाटी गुळगुळीत टेबलावर उपडी ठेवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गिरकी देत पुढे ढकला. वाटी पुढे सरकता सरकता किंचित डावीकडे झुकते. आता तीच गिरकी देऊन १८-१९ किलोचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून सोडा. त्याचा तळही वाटीसारखाच खोलगट असतो, बर्फाला टेकते ती फक्त काही मिलिमीटर रुंदीची एक गोल कडा. तरीही हा दगड वळतो उजवीकडे! पदार्थविज्ञानातल्या मंडळींना या उलट्या वळणाने शंभर वर्षं छळलं आहे. आणि एका खेळात याच वळणाच्या भरवशावर ऑलिंपिक पदकं ठरतात.

तो खेळ म्हणजे कर्लिंग. जन्म स्कॉटलंडचा. सुमारे ४५ मीटर लांबीची बर्फाची पट्टी, दोन्ही टोकांना १२ फूट व्यासाचं वर्तुळ, म्हणजे हाउस. चार जणींचा संघ, प्रत्येकीला दोन दगड. दोन्ही संघांचे मिळून १६ दगड टाकून झाले की एक एंड संपतो. केंद्राच्या सर्वांत जवळ ज्यांचा दगड, त्यांनाच त्या एंडचे गुण. अशा दहा एंडचा सामना. एंडमधल्या शेवटच्या दगडाला हॅमर म्हणतात. ज्यांनी गुण घेतले त्यांच्याकडून तो पुढच्या एंडला समोरच्यांकडे जातो.

संघाची कर्णधार ती स्किप. सहकारी दगड टाकत असताना ती पलीकडच्या टोकाला, हाउसमध्ये उभी असते. ब्रश बर्फावर टेकवून ती नेम दाखवते, गिरकी कुठली ते सांगते, दगड सुटला की बर्फ घासायचा की नाही हे ओरडून कळवते. आणि सहसा शेवटचे दोन दगड तिचेच असतात.

खेळाचा बर्फ आरशासारखा सपाट नसतो. सामन्याआधी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. ते गोठून पुरळासारखे उंचवटे तयार होतात, त्यांना पेबल म्हणतात. दगड या उंचवट्यांच्या माथ्यांवरून घसरतो. ब्रशने घासलं की बर्फ किंचित तापतो, घर्षण घटतं, दगड अधिक लांब आणि अधिक सरळ जातो. पण सामन्यात १६० दगड जातात, पेबल झिजत राहतात, ज्या वाटेने दगड जास्त गेले ती वाट वेगळी वागू लागते. पहिल्या एंडला बरोबर असलेला अंदाज सातव्या एंडला चुकतो. हे सगळं डोळ्यांनी टिपत राहायचं ते स्किपने, आणि तेही संपूर्ण सामन्यात संघाला मिळणाऱ्या विचाराच्या ३८ मिनिटांत.

मग दगड असा उलटा का वळतो? वाटीचं उत्तर सोपं आहे. सरकताना तिचा भार पुढच्या काठावर येतो, तिथे घर्षण वाढतं आणि ते वाटीला डावीकडे रेटतं. दगडासाठी याच्या उलट हवं. कॅनडातले मार्क शेगेल्स्की आणि इतर काहींनी सुचवलं की, दगडाच्या पुढच्या भागाखाली बर्फ तापून पाण्याचा अतिपातळ थर तयार होत असावा आणि पुढचं घर्षण कमी होत असावं. अडचण अशी की दगडाला जास्त गिरक्या दिल्या तरी तो त्या प्रमाणात जास्त वळत नाही, आणि ही गोष्ट अशा सिद्धांतांना नीट पेलवत नाही.

२०१३ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळाच मुद्दा मांडला: दगडाची खरखरीत कडा पुढच्या बाजूने पेबलवर बारीक ओरखडे काढते आणि मागची बाजू त्या ओरखड्यांवरून जाताना त्यांच्या रोखाने ओढली जाते. कडा चकचकीत घासून टाकली तर दगड वळायचा जवळपास थांबतो, हेही त्यांनी दाखवलं. २०२२ मध्ये जपानच्या रिक्क्यो विद्यापीठातल्या जिरो मुराता यांनी दगडाच्या हालचालीची कॅमेऱ्याने अतिशय काटेकोर मोजणी करून डाव्या-उजव्या बाजूकडे बोट दाखवलं. उजवीकडे गिरकी घेणाऱ्या दगडाची उजवी बाजू बर्फाच्या मानाने कमी वेगाने जाते, तिथे घर्षण जास्त मिळतं, आणि दगड त्या बाजूच्या पेबलांना धरून जणू क्षणभर फिरतो. मला हे स्पष्टीकरण सर्वांत पटतं, पण वाद मिटलेला नाही.

ओरखडे काय करू शकतात हे खेळाडूंनाही कळून चुकलं होतं. २०१५ च्या सुमारास नव्या कापडाचे ब्रश आले, आणि त्यांनी घासून दगड हवा तसा वळवता येऊ लागला. कौशल्य दगड टाकणारीच्या हातात राहीना. शेवटी २०१६ मध्ये कॅनडात खेळाडू आणि शास्त्रज्ञांनी एकत्र चाचण्या घेतल्या आणि सर्वांना एकच कापड सक्तीचं झालं.

या अवघड बर्फावर स्किप म्हणून मोठी झाली ती ईव्ह म्युअरहेड. जन्म १९९०, स्कॉटलंडमधल्या पर्थचा. वडील गॉर्डन हेही आंतरराष्ट्रीय कर्लर. ज्युनिअर जागतिक विजेतेपद तिने चार वेळा मिळवलं. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये ती १९ वर्षांची स्किप होती, तिथे ब्रिटनच्या वाट्याला सातवा क्रमांक आला. २०१३ मध्ये रिगाला ती जगज्जेती झाली, २०१४ ला सोचीत कांस्यपदक.

आणि मग २०१८, प्याँगचांग. कांस्यपदकाचा सामना जपानशी. शेवटच्या एंडला ब्रिटन ३-४ ने मागे आणि हॅमर ईव्हच्या हातात. एक गुण मिळाला असता तर बरोबरी आणि जादा एंड. दोन मिळाले असते तर पदक. ती दोन गुणांसाठी गेली. दगड आदळले, सरकले आणि थांबले तेव्हा केंद्राच्या सर्वांत जवळ दगड होता जपानचा. ३-५. जपानला कर्लिंगमधलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं. तो निर्णय चुकीचा होता असं मला कधीच वाटलं नाही. बरोबरी साधून पुन्हा समोरच्यांच्या हाती हॅमर देणं हाही धोकाच असतो.

त्याच वर्षी तिच्या कंबरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली. दगड सोडताना एक पाय पूर्ण दुमडून, दुसरा मागे ताणून, शरीर बर्फालगत नेत घसरायचं असतं. लहानपणापासून हजारो वेळा हेच केल्यावर सांध्याची तक्रार येणारच. त्यातून ती परतली, पण २०२१ च्या जागतिक स्पर्धेत स्कॉटलंड आठवा आला आणि ऑलिंपिकची थेट जागा हुकली. मग विकी राइट, जेनिफर डॉड्स आणि हेली डफ यांच्यासह नवा संघ उभा राहिला. नोव्हेंबरमध्ये त्यांनी युरोपियन विजेतेपद घेतलं, आणि डिसेंबरमध्ये नेदरलँड्समधल्या पात्रता स्पर्धेतून त्या बीजिंगला पोहोचल्या.

बीजिंगमध्ये साखळी संपली तेव्हा ब्रिटन, जपान आणि कॅनडा तिघांचेही पाच विजय, चार पराभव. आपसातही प्रत्येकीने एकीला हरवलेलं. असं झालं की सेंटीमीटर मोजतात. प्रत्येक सामन्याआधी संघातल्या दोघी एकेक दगड थेट केंद्रावर टाकतात, एक उजव्या गिरकीने, एक डाव्या. पहिला हॅमर कोणाचा हे त्यावरून ठरतं, आणि त्या अंतरांची सरासरी जपून ठेवलेली असते. या सरासरीवर ब्रिटन आणि जपान उपांत्य फेरीत गेले. जेनिफर जोन्सची कॅनडा, सोचीची अपराजित सुवर्णविजेती स्किप, घरी गेली.

उपांत्य सामन्यात स्वीडनच्या आना हासेलबोर्गने पहिल्याच एंडला चार गुण घेतले. या पातळीवर अशी सुरुवात म्हणजे सामना निम्मा गेल्यातच जमा. पण जादा एंडपर्यंत गेलेला तो सामना ब्रिटनने १२-११ ने जिंकला. २० फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा जपान, चार वर्षांपूर्वीचीच स्किप सात्सुकी फुजिसावा. सातव्या एंडला ईव्हच्या संघाने चार गुण घेतले आणि सामना तिथेच फिरला. १०-३. त्या हिवाळी ऑलिंपिकमधलं ब्रिटनचं ते एकमेव सुवर्ण.

एप्रिलमध्ये बॉबी लॅमीबरोबर तिने मिश्र दुहेरीचं जागतिक विजेतेपदही जिंकलं. तिथे संघात दोघंच, त्यामुळे दगड सोडल्यावर टाकणाराच उठून त्याच्यामागे ब्रश घेऊन धावतो. ऑगस्टमध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिने निवृत्ती जाहीर केली.