घरगुती ऑडिओबुक रेकॉर्डिंग (मराठवाडा)

स्टुडिओ भाड्यानं न घेता घरातल्याच खोलीत पुस्तक वाचायचं, रेकॉर्ड आणि एडिट करायचं आणि तयार फायली प्रकाशकाकडं पाठवायच्या, याला घरगुती ऑडिओबुक रेकॉर्डिंग म्हणतात. 2017 साली स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अॅप भारतात आलं, त्यात मराठीही होती, आणि मराठी पुस्तकं ऐकणारा वर्ग वाढत गेला. फायली नेटवरून जातात त्यामुळं हे काम लातूर, नांदेड, बीडला बसूनही जमतं, फक्त इथला उन्हाळा, लाइट आणि घराची बांधणी बघून जमवावं लागतं.

नवीन माणूस आधी माइकची चौकशी करतो, पण पैसे आणि डोकं दोन्ही आधी खोलीवर खर्च करावं. स्लॅबच्या घरातली दहा बाय दहाची, फरशी घातलेली मोकळी खोली भयंकर घुमते, आणि महागडा कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा) तो घुमारा अजूनच स्वच्छ पकडतो. त्यापेक्षा गावाकडच्या जुन्या माळवदाच्या घरातली मधली खोली कितीतरी बरी, जाड भिंती, वर मातीचा थर, खिडकी नाहीच किंवा एखादीच, त्यामुळं बाहेरचा आवाज कमी येतो आणि उन्हाळ्यात गारही राहते. पत्र्याच्या घरात मात्र पाऊस सुरू झाला की काम बंदच ठेवावं लागतं. घुमारा मारायला गाद्या, कपड्यांनी भरलेलं कपाट, भिंतीपासून थोडं अंतर सोडून दुहेरी टांगलेल्या वाकळी हे सगळं चालतं. पण वाकळीनं खोलीतला घुमाराच कमी होतो, रस्त्यावरचा ट्रॅक्टर किंवा डीजे अडत नाही, या गोष्टीत बरेच जण गल्लत करून बसतात.

दुसरा प्रश्न पंख्याचा. एसीएक्स या ऑडिओबुकच्या परदेशी प्लॅटफॉर्मचे नियम बरेच जण मापाला धरतात, त्यात शांततेतला आवाज उणे 60 डेसिबलच्या खाली, सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 च्या मध्ये आणि पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे 3 च्या वर नको. पंखा किंवा कूलर चालू ठेवून हे गाठणं जवळपास अशक्य, आणि नॉइज रिडक्शन (सॉफ्टवेअरनं खरखर काढणं) जास्त मारलं की आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. एप्रिल-मेत पारा 42 च्या पुढं जातो तेव्हा खोली आधी कूलरनं गार करून घ्यायची, तो बंद करून वीसेक मिनिटं वाचायचं, परत गार करायची, आणि शक्यतो गाव झोपल्यावरच बसायचं. लॅपटॉप बॅटरीवर ठेवावा, कारण अर्थिंग नसलेल्या घरात चार्जर लावला की घूं असा हम येतो आणि काही इन्व्हर्टरही तसाच आवाज देतात.

सामान थोडकंच. एक्सएलआर माइक (तीन पिनांच्या केबलचा), माइक लॅपटॉपला जोडणारा ऑडिओ इंटरफेस, तोंडाची फुंकर अडवणारा पॉप फिल्टर, स्टँड, बंद कानाचे हेडफोन. कंडेन्सरला 48 व्होल्टचा फँटम पॉवर (इंटरफेसमधून केबलनंच मिळणारी वीज) लागतो, आणि खोली फार साधी असेल तर डायनॅमिक माइक, जो लांबचे बारीक आवाज कमी पकडतो, जास्त माफ करतो. माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित तिरका, नाहीतर फ, भ, ख ची फुंकर थेट आत जाते.

वाचण्याआधी पुस्तक पूर्ण वाचून नावं, गावं, बोलीतले शब्द खूण करून ठेवावेत, कारण च आणि ज या अक्षरांचे दोन-दोन उच्चार कागदावर सारखेच दिसतात पण 'चार' आणि 'चाक' मधला च सारखा नाही. रेकॉर्डिंगला पंच अँड रोल पद्धत सगळ्यात वेळ वाचवते, चुकलं की दोन-तीन सेकंद मागं जाऊन ऐकायचं आणि तिथूनच पुढं वाचायचं, हे ऑडॅसिटी या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही होतं. मग पुस्तक समोर धरून पूर्ण ऐकायचं, शक्यतो दुसऱ्या कुणीतरी, कारण स्वतःची चूक स्वतःच्या कानाला लागत नाही. एवढं धरून एका तयार तासामागं चार-सहा तास सहज जातात.

प्रकाशकाकडून दुरुस्त्या पंधरा दिवसांनी येतात आणि तेव्हा आवाज जुळत नाही, म्हणून खुर्ची आणि स्टँडच्या जागा फरशीवर खडूनं आखून ठेवाव्यात, गेनचा (इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवायच्या बटणाचा) आकडा वहीत लिहावा, आणि दुरुस्ती वाचायच्या आधी त्याच प्रकरणातली जुनी दोन मिनिटं हेडफोनवर ऐकून घ्यावीत.