बदली सैनिक: अनोळखी कंपनीत पाठवलेली माणसं

दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढलेल्या कित्येक अमेरिकी सैनिकांच्या मुलांना वडिलांची डिव्हिजन (सैन्याची मोठी तुकडी) ठाऊक असते, पण तिथले सोबती कोण होते ते विचारलं की घरात कुणालाच सांगता येत नाही. हे वडील मूळ तुकडीबरोबर समुद्र ओलांडून गेलेच नव्हते. मेलेल्या किंवा जखमी झालेल्या कुणाच्या तरी जागी त्यांना एकेकटं धाडलं होतं.

याचं मूळ डिव्हिजनच्या संख्येत आहे. कारखाने, शेती, हवाई दल, नौदल, सगळीकडेच माणसं हवी होती, म्हणून भूदल सुमारे 90 डिव्हिजनवर थांबवायचं ठरलं. शेवटी 89 उरल्या. राखीव डिव्हिजन जवळजवळ उरल्याच नसल्याने थकलेल्या तुकडीला मागे घेऊन नव्या माणसांची ओळख करून द्यायला सवडच राहिली नाही. लढाई चालू असतानाच रिकाम्या जागा भरायच्या, हाच मार्ग उरला. या धोरणाच्या बाजूने एवढं मान्य करावं लागतं की डिव्हिजन महिनोन्‌महिने आघाडीवर टिकल्या आणि युद्ध जिंकलं गेलं. पण किंमत रायफल कंपन्यांनी, म्हणजे आघाडीवर लढणाऱ्या पायदळाच्या छोट्या तुकड्यांनी मोजली. पायदळाची हानी किती होईल याचा अंदाजच चुकला होता. 1944मध्ये कॉलेजात शिकणारे सैनिक वर्गातून उठवले गेले, पुढे विमानविरोधी तोफांवरच्या लोकांच्याही हाती रायफली आल्या.

जर्मनीतल्या हर्टगेनच्या जंगलात त्या नोव्हेंबरात अशी मुलं ट्रकमधून अंधारात उतरत आणि अनोळखी माणसाशेजारी खड्ड्यात जात. सार्जंटला नाव कळायच्या आत काही जण मारले गेले. बरे झालेले जखमीसुद्धा बरेचदा दुसऱ्याच तुकडीत पाठवले जात, आणि हे मला सगळ्यांत क्रूर वाटतं. बेळगावच्या केंद्रात तयार झालेला मराठा जवान निदान आपल्याच रेजिमेंटच्या पलटणीत जातो.

व्हिएतनाममध्येही बहुतेक माणसं एकेकटीच, साधारण वर्षभरासाठी पाठवली गेली.

वडिलांची कंपनी आज शोधायची तर आणखी एक अडचण आहे. 12 जुलै 1973ला अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या, सैनिकांच्या फायली ठेवणाऱ्या दप्तरखान्यात आग लागली. 1912 ते 1960 या काळात सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे 80 टक्के फायली त्यात जळाल्या. आता आधार आहे तो कंपनीच्या कारकुनाने रोज सकाळी भरलेल्या अहवालाचा. त्यात नाव, हुद्दा, सैनिक क्रमांक, रायफलवाल्यासाठी 745 हा आकडा आणि 'दाखल' एवढीच नोंद असते. पण हे अहवाल तुकडीनुसार लावलेले आहेत. कंपनी माहीत असल्याशिवाय नाव सहसा सापडत नाही, आणि बदली सैनिकाच्या घरी नेमकी तीच माहिती नसते.