शंख सापडला म्हणजे समुद्र होता, असं नसतं

पुण्यातून कुठल्याही किल्ल्यावर ट्रेकला जा, कोणीतरी हमखास सांगतंच की सह्याद्री आधी समुद्राखाली होता, म्हणून तर दगडात शंख सापडतात. नाही हो! आपला सह्याद्री बसाल्टचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर वाहिलेल्या लाव्हाचा. दोन उद्रेकांच्या मधे तळी साचायची, त्यांच्या गाळातले शंख नागपूरकडे मिळतात, पण ते गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे. हाच लाव्हा पार आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत पोचलाय आणि तिथे दोन थरांच्या मधे फोरॅमिनिफेरा (मुख्यतः समुद्रात राहणारे सूक्ष्म जीव) मिळाले, म्हणजे तिथे मात्र समुद्र होता.

फोरॅमिनिफेरा, थोडक्यात फोरॅम्स, हे एकपेशीय जीव, बहुतेक रव्याच्या कणाएवढे किंवा त्याहून लहान, पण कप्प्याला कप्पा जोडत चुन्याचं काय देखणं कवच बांधतात! काही पाण्यात तरंगतात, काही तळाशी राहतात, मेले की कवचं चिखलात जमतात, थरावर थर. तो चिखल ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, मग मायक्रोस्कोपखाली अगदी बारीक ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलायचं.

आता खरी गंमत, या कवचांवरून जुन्या काळचा बर्फ कळतो. शाळेत समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, शिकलोय ना, तर ऑक्सिजन-१६ हलका आणि ऑक्सिजन-१८ जड. हलका ऑक्सिजन असलेलं पाणी जरा सहज वाफ होतं, त्याचा बर्फ पडतो, आणि हिमयुगात तो बर्फ जमिनीवरच अडकून राहतो, परत समुद्रात येत नाही, त्यामुळे उरलेल्या समुद्रात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं आणि त्याच पाण्यातून कवच बांधणाऱ्या फोरॅमच्या कवचातही ते वाढतं. कवच फॉस्फोरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे हलके-जड रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, मोजायचा. पण एक घोळ आहे, पाणी थंड असलं तरीही कवचात जड ऑक्सिजन जास्त जातो. १९५५ मध्ये भूवैज्ञानिक चेझारे एमिलियानी यांनी हे आकडे मुख्यतः तापमानाचे धरले होते. १९६७ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक निकोलस शॅकल्टन यांनी तळाशी राहणारे फोरॅम्स मोजले, खोल पाणी आधीच इतकं थंड की ते आणखी फारसं थंड होऊच शकत नाही, तरी फरक मोठाच, म्हणजे त्यातला बराचसा बर्फाचा! तापमान वेगळं काढायला आता कवचातलं मॅग्नेशियम-कॅल्शियमचं गुणोत्तर बघतात, पाणी कोमट असेल तर मॅग्नेशियम जास्त.

हिमयुगात, साधारण २०,००० वर्षांपूर्वी, इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, मुंबईचा किनारा तेव्हा दोनशे किलोमीटरहून जास्त पश्चिमेला. हे ऐकलं की लोक लगेच बुडालेली शहरं शोधायला लागतात. गुजरातेतल्या खंबातच्या आखाताच्या तळातून उपसलेल्या एका लाकडाचं वय साडेनऊ हजार वर्षं निघालं आणि तेवढ्यावर तिथे तेवढंच जुनं शहर असल्याच्या बातम्या झाल्या. अरे, तिथली भरती-ओहोटी इतकी जबरदस्त की लाकूड कुठूनही वाहत आलेलं असू शकतं!

किनारा शोधायचा तर जागेवरचा गाळ बघावा लागतो. खारफुटीच्या चिखलातले बरेच फोरॅम्स चुन्याऐवजी वाळूचे कण चिकटवून घर करतात, उघड्या समुद्रातले तसे कमी, आणि किनाऱ्यापासून लांब जाल तसे तरंगणारे वाढतात. पाइप घुसवून काढलेल्या गाळात खाली खारफुटीवाले आणि वर समुद्रातले मिळाले की पाणी आत शिरलं, आणि त्या सीमेवरच्या कवचांचं कार्बन डेटिंग केलं की साधारण कधी शिरलं तेही कळतं.