शिरा दिसल्या नाहीत म्हणजे व्यायाम वाया गेला का?

नाही. फुगलेल्या शिरा ताकद मोजत नाहीत.

वजन उचलण्याचा सेट (न थांबता केलेली एक फेरी) चालू असताना स्नायूकडे येणारं रक्त वाढतं, पण आकुंचनामुळे परतीच्या शिरा दाबल्या जातात. केशवाहिन्यांतून पाणी स्नायूत झिरपतं, तो फुगतो आणि वरच्या शिरांना त्वचेकडे ढकलतो. जिममध्ये ज्याला पंप म्हणतात, तो हाच. तासाभरात बहुतेक ओसरतो.

शिरा दिसतील की नाही, हे मुख्यतः त्वचेखालच्या चरबीच्या थरावर ठरतं. शिरांची ठेवण जन्मजात असते, तीही माणसागणिक वेगळी. उकाड्यात त्या रुंदावतात, थंडीत आकसतात. पाणी, मीठ किंवा कर्बोदकं कमी पडली तर पंप फिका पडतो, कारण स्नायूत कर्बोदकं ग्लायकोजेनच्या रूपात साठतात आणि 1 ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी साठतं.

एका सेटमध्ये 15 रेप्स (वजन उचलण्याच्या आवृत्त्या) केल्या आणि मध्ये 45 सेकंद विश्रांती घेतली तर पंप जोरात येतो. जड वजनाच्या 3 ते 5 रेप्स, मध्ये 3 मिनिटं विश्रांती, यात तो जेमतेम येतो. ताकद मात्र याच पद्धतीने उत्तम वाढते. म्हणून वहीत वजन आणि रेप्स लिहा, आरशावर विसंबू नका.

शिरा दिसाव्यात म्हणून पाणी तोडणं किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणं जिवावर बेतू शकतं. आणि एकच हात सुजून निळसर पडला, दुखत राहिला, तर तो पंप नव्हे, रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.