गाळ अडतो कुठे, गाव वसते कुठे : नागपूर परिसराची पार्श्वभूमी

उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्यांत नागपुरात नाग, पिवळी आणि पोहरा या नद्यांच्या पात्रांतून यंत्रांनी गाळ उपसला जातो. त्याच दिवसांत जिल्ह्यातल्या तलावांचा गाळ ट्रॅक्टरमध्ये भरून शेतकरी आपल्या वावरात नेऊन पसरवतात. एकीकडे ज्याची विल्हेवाट लावायची, तेच दुसरीकडे पदरचे डिझेल जाळून न्यायचे, हा फरक आजचा नाही. तो समजून घ्यायचा तर सुरुवात खडकापासून करावी लागते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला दख्खनचा बेसॉल्ट नागपूरपाशी येऊन संपतो. शहराच्या पश्चिमेला हा काळा खडक आहे, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना नीस हा पट्टेदार खडक आहे आणि उत्तरेला कामठीच्या बाजूला गोंडवन काळातले वालुकाश्म व कोळशाचे थर आहेत. बेसॉल्ट झिजला की त्याची बारीक, चिकट माती होते, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. नीस आणि वालुकाश्म झिजले की मागे गारगोटीचे कण, म्हणजे रेती उरते. त्यामुळे पश्चिमेकडच्या टेकड्यांवरून येणारी नाग नदी काळसर, चिकण गाळ आणते, तर छिंदवाड्याकडून सातपुडा उतरून येणारी कन्हान रेतीसाठी ओळखली जाते. नागपुरातल्या घरबांधणीत कन्हानच्या रेतीचे नाव अजूनही वेगळ्या आदराने घेतले जाते, ते यामुळेच.

पाण्याचा वेग मंदावला की जाड रेती आधी खाली बसते; साधारण ०.०६ मिलिमीटरपेक्षा बारीक असलेला गाळ मात्र पाण्यात तरंगत पुढे जातो आणि प्रवाह जवळजवळ थांबतो तेथेच स्थिरावतो. नदीच्या वळणाची आतली बाजू, दोन नद्यांच्या संगमाजवळचे सखल क्षेत्र आणि पूर ओसरल्यावर उघडे पडणारे काठ या त्याच्या बसण्याच्या जागा होत. अशा काठच्या जमिनीला आपल्याकडे कछार म्हणतात. ब्रिटिश काळात जमाबंदीच्या अधिकाऱ्यांनी काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी भारीपासून हलकीपर्यंतची जमिनीची प्रतवारी सारा ठरवण्यासाठी वापरली. पण ती नावे शेतकऱ्यांच्याच तोंडची होती. पाण्याने कोणत्या उतारावर काय ठेवले आणि कोठून काय खरडून नेले, याचीच ती नोंद म्हणता येईल.

या जमिनीवरची वस्ती फार जुनी आहे. नागपूरभोवती जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड अशा ठिकाणी महापाषाण काळातील शिळावर्तुळे, म्हणजे दफनाच्या जागेभोवती मांडलेली दगडांची वर्तुळे, आढळली आहेत. पेंचच्या काठावरील नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली असून ती इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या आसपासची मानली जाते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, मृतांसाठीची वर्तुळे बहुतेक मुरमाड, खडकाळ माळावर आहेत, तर राहण्याच्या जागा नदीनाल्याजवळ, काळ्या मातीच्या आसऱ्याने आहेत. पिकाची जमीन दफनासाठी अडवायची नाही, हा हिशेब त्या लोकांनी पक्का केला होता असे मला वाटते. वैनगंगेच्या काठचे पवनी हे पुढच्या काळातले उदाहरण. तेथे इसवी सनापूर्वीचे बौद्ध स्तूप उत्खननात मिळाले, आणि जुन्या नगराला मातीच्या भक्कम तटाचे संरक्षण होते. शेत गाळावर, घर मात्र उंच दरडीवर, ही मांडणी नदीकाठच्या कितीतरी गावांत आजही दिसते.

गाळाशी सर्वांत विचारपूर्वक व्यवहार झाला तो मात्र मोठ्या नद्यांवर नव्हे, तर लहान ओढ्यांवर. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात कोहळी समाजाने बांधलेले शेकडो तलाव आहेत. मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा सरकारकडे भरणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात राहिल्यामुळे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. दोन टेकड्यांच्या मध्ये मातीची पाळ घालायची, तुडूमातून, म्हणजे पाळीतल्या पाणी सोडण्याच्या दारातून, धानाच्या बांध्यांना पाणी सोडायचे आणि जादा पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात जाऊ द्यायचे, अशी ती साखळी होती. पाळीमागे पाणी थांबते तसा गाळही थांबतो, आणि दरवर्षी काढला नाही तर तलावच त्याने भरून जातो. म्हणून उन्हाळ्यात तळ उघडा पडला की गाळ बैलबंडीने शेतात नेण्याचा परिपाठ होता. त्यातून तलावाची खोली टिकत होती आणि नीसावरच्या हलक्या जमिनीला चिकण मातीची जोड मिळत होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. कायदा न्याय्यच होता. पण तलावाची मालकी गेली तशी त्याच्या देखभालीची जबाबदारीही गावाच्या हातून सुटली, आणि पुढच्या दशकांत अनेक तलाव गाळाने उथळ होत गेले.

नदीच्या रेतीवरही एक जुनी शेती आहे. हिवाळ्यात कन्हान आणि वैनगंगेची पात्रे उघडी पडली की मासेमारी करणारी ढिवर कुटुंबे डांगरवाडी लावतात. ओल लागेपर्यंत रेतीत खड्डा खणायचा, त्यात काठचा गाळ आणि शेणखत मिसळून भरायचे, आणि त्या ओंजळभर मातीत डांगराचे किंवा टरबुजाचे बी टोचायचे. रेती पाणी पुरवते, गाळ पोषण देतो. घाटांवरून रेतीचा बेसुमार उपसा होतो तेथे ही ओल खोल जाते आणि वाडीची जागाही उरत नाही.

नागपूर शहर या सगळ्यात उशिरा आले. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी बारा खेडी एकत्र करून नाग नदीकाठी ते वसवले. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाने तट आणि जुम्मा तलाव बांधला. भोसल्यांच्या आणि पुढे ब्रिटिशांच्या काळात तलावांची भर पडत गेली. अंबाझरीचा बांध १८७० च्या सुमाराचा आहे. हे तलाव पिण्याच्या पाण्यासाठी होते, पण नागच्या वरच्या टप्प्यातला गाळ अडवण्याचे कामही त्यांनी आपोआप केले. वाढत्या शहरात काही तलाव गाळ, भराव आणि अतिक्रमण यांनी आक्रसले. लेंडी तलाव हे त्याचे ठळक उदाहरण. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी ओसंडून वाहू लागला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. अरुंद झालेल्या पात्राला एवढे पाणी वाहून नेणे शक्यच नव्हते. पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखलाचा थर उरला.

दरम्यान मोठ्या धरणांनी गाळाचा मुक्काम बदलला. पेंचवर तोतलाडोह आणि वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द झाले, ज्याची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. जे कण पूर्वी वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरीमार्गे आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत जात, त्यांतले बरेचसे आता जलाशयांत बसतात. गोदावरीच्या संपूर्ण खोऱ्यात असेच घडल्यामुळे समुद्रापर्यंत पोहोचणारा गाळ १९७० च्या दशकाच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाला, आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी मागे हटत आहे.

राज्य शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, ती या दृष्टीने नवी कल्पना नव्हे, जुन्या परिपाठाला दिलेले सरकारी रूप आहे. अर्थात गाळ सगळ्याच पिकांना मानवत नाही. काटोलकडच्या संत्र्याला निचरा हवा असतो, आणि बागेत चिकण माती साचली की डिंक्या रोगाला निमंत्रण मिळते. शहरातल्या नागच्या गाळाची अडचण याहून मोठी आहे. त्यात सांडपाणी, प्लास्टिक आणि कारखान्यांतले अवशेष मिसळलेले असतात, त्यामुळे तपासणी केल्याशिवाय तो वावरात टाकणे धोक्याचे ठरते. शेतकरी तो नेत नाही, म्हणून उपसलेला ढीग बऱ्याचदा काठावरच राहतो, आणि मृगाच्या पहिल्या सरींत त्यातला बराच भाग पुन्हा पात्रात उतरतो.